बॅटरीची पूजा आणि माझ्या सह्या

दसऱ्याच्या दिवसापासून माझा फोन जरा जास्तच वाजतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "साहेब, काल पूजा केली आणि तेव्हापासून लाइट नाही."

"पूजेसाठी बॅटरी धुतलीत का?"

"धुतली नाही. पुसली फक्त."

"वायरी काढून?"

"मग, वायरी लावून कशी पुसणार?"

ही चूक आपल्याकडेच होऊ शकते. कोयता, विळी, शिंप्याचं मशीन, होडीचं इंजिन, ज्याच्यावर घर चालतं ते खंडेनवमीला घासूनपुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि त्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही. मग ज्या घरात संध्याकाळचा उजेड बॅटरीतून येतो त्या घराने बॅटरीची पूजा करू नये, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? माझ्या घरीही वीज मोजायचा मल्टीमीटर पाटावर बसतो. माझं म्हणणं एवढंच की वायरी काढायच्या तर आधी सोलर पॅनलची, मग बॅटरीची. लावताना उलट, आधी बॅटरी, मग पॅनल. भर उन्हात पॅनल चालू ठेवून बॅटरी सोडवली, तर पॅनलचा सगळा जोर सरळ दिव्यांवर जातो आणि बल्ब उडतात.

माझं काम हेच. जिथे विजेची तार पोचलेली नाही, किंवा पोचली पण लोक तिला विटले, अशा ठिकाणचे सोलर संच मी सांभाळतो. अलिबागच्या वाड्यांपासून दिघीच्या खाडीपर्यंत आणि आत पालीच्या डोंगरापर्यंत. बसवणारे फोटो काढून जातात, सांभाळायला आम्ही उरतो. वडील मिठागरावर कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. पुढे जे सांगणार आहे त्याच्याशी या डिग्रीचा संबंध आहे, म्हणून ती आत्ताच सांगून टाकली. नसता संबंध तरी सांगितलीच असती.

पॅनल सगळ्यांना माहीत असतं, बॅटरीही माहीत असते. दोघांच्या मध्ये भिंतीवर एक डबी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. ती चार्ज कंट्रोलर. पॅनलला फक्त ओतता येतं, थांबता येत नाही. दिव्यांना फक्त पिता येतं. बॅटरी बिचारी मध्ये. भरली की पॅनलला "पुरे" म्हणायचं आणि रिकामी व्हायला आली की दिवे तोडायचे, ही दोन कामं त्या डबीची. म्हणजे तिचं सगळं काम नाही म्हणण्याचं. त्यामुळे ती कोणाला आवडत नाही.

किहीमला नारळीच्या वाडीत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. वाडीच्या मागच्या टोकाला त्यांनी स्वतःसाठी वाचायची खोली बांधली आणि ती सोलरवर टाकली. पावसाळ्यात ऊन नसलं की कंट्रोलर आठ वाजता दिवा तोडायचा. त्यांना तो अपमान वाटायचा. "माझी बॅटरी, माझं पॅनल, आणि ही दीड वितीची डबी मला सांगणार केव्हा झोपायचं?" गावातल्या वायरमनला बोलावून त्यांनी दिवा सरळ बॅटरीवर जोडून घेतला. आषाढ-श्रावण मजेत वाचन झालं. भाद्रपदात बॅटरी गेली ती गेलीच. मी म्हटलं, "काका, बँकेत खात्यात काही नसताना तुम्ही पैसे दिले असते का?" ते म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस." आधी तीनदा सांगितलं होतं, पण ते जाऊ दे.

दिघीला इब्राहिमचाचा. त्यांच्या होडीवर पॅनल आहे, मासे शोधायच्या यंत्रासाठी आणि दिव्यासाठी. खारी हवा दोन वर्षांत कंट्रोलरची पितळी टोकं हिरवी करते. चाचांनी त्यावर स्वतःचं डोकं चालवलं. घरातून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणला, कंट्रोलर त्यात ठेवला, वायरींच्या भोकांना मेण लावलं. महिन्याभरात कंट्रोलर जळाला. डबा उघडला तेव्हा आतून वाफ आल्यासारखी जळकट, गरम हवा तोंडावर आली.

"चाचा, हा शिजलाय."

"अरे मास्तर, खारी हवा जाऊ नये म्हणून केलं."

"खारी गेली नाही, पण गार पण गेली नाही. ह्याला श्वास लागतो."

चाचा डब्याकडे बघत राहिले. "डबा बायकोचा हाय," ते म्हणाले. "कंट्रोलरचं सोड. हा वास जाईल का ते सांग."

अशा गोष्टी सांगताना मला मजा येते, कारण त्यात चूक दुसऱ्याची असते. आता माझी सांगतो.

पालीच्या पुढे डोंगरावर एक कातकरी वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही. गाडी पायथ्याशी लावून तासभर चढावं लागतं. घरं बावीस. सगळ्या वाडीचा मिळून एक संच, समाजमंदिराच्या मागे छोट्या खोलीत चार बॅटऱ्या, भिंतीवर कंट्रोलर, तिथून घरोघरी तारा. एका संस्थेने हे बसवून दिलं होतं आणि देखभालीचं काम माझ्याकडे होतं. महिन्यातून एक खेप.

त्या खोलीची चावी बेबीताईकडे असायची. बेबीताई हिलम. चाळिशीतली, सातवी शिकलेली. वाडीने तिला नेमलं, कारण वाडीत स्वच्छ अक्षरात लिहिणारी तीच होती. सकाळ-संध्याकाळ खोली उघडायची, कंट्रोलरच्या पडद्यावरचा व्होल्टचा आकडा वहीत लिहायचा, बॅटऱ्यांची फळी पुसायची, कुलूप लावायचं. मानधन चहापाण्याइतकं. पण ती ती चावी पदराला बांधून चालायची ते बघण्यासारखं होतं. लग्नकार्यातसुद्धा लोक तिला विचारायचे, "बेबे, आज लाइट दहापर्यंत पुरल ना?" आणि ती ऐटीत सांगायची, "टीव्ही बंद ठेवा, मंग अकरापर्यंत पुरल."

मी गेलो की ती वही पुढे करायची. मी खाली सही करायचो, तारीख टाकायचो. सही करताना वहीचं पान मला दिसायचं, पण मी ते वाचत नव्हतो. मला वाटायचं, सातवी शिकलेल्या बाईने उतरवलेले आकडे, त्यात मला नवीन काय कळणार. मी माझा मीटर लावून बघतो ना.

त्या वर्षी गणपतीनंतर जुन्या बॅटऱ्या बदलल्या. जुन्या होत्या पाण्याच्या, म्हणजे ज्यांची बुचं उघडून दर दोन महिन्यांनी पाणी घालावं लागतं. नव्या आल्या त्या बंद. त्यांना बुचं नसतात, पाणी घालायची भानगड नाही. मी चारही बॅटऱ्या माणसांच्या डोक्यावरून वर नेल्या, जोडल्या, दिवे लावून दाखवले, वाडीने नारळ फोडला आणि मी खाली उतरलो.

महिन्याभरात खंडेनवमी आली. बेबीताईने नव्या बॅटऱ्यांची पूजा केली. भर दुपारी वायरी सोडवल्या, आधी बॅटरीच्या, बॅटऱ्या पुसल्या, कुंकू लावलं, कंट्रोलरला झेंडूचा हार घातला. समाजमंदिरातले पाच बल्ब तेव्हाच उडाले. पुढच्या खेपेला मी बल्ब बदलले आणि सगळ्या वाडीसमोर तिला क्रम शिकवला. आवाज थोडा चढलाच होता. ती म्हणाली, "चुकलं सर." बस.

मग शिमग्याच्या सुमाराला वाडीच्या समितीचे अध्यक्ष काशिनाथ हिलम यांचा फोन आला. नात्याने बेबीताईचे चुलत दीर. "सर, बॅटऱ्या फुगल्यात. पोटं आल्यावानी झाल्यात. सात वाजता अंधार होतो."

वर जाऊन बघितलं. चारही बॅटऱ्यांच्या बाजू फुगलेल्या. सहा महिन्यांत बॅटऱ्या मरत नाहीत. वाडी जमली होती. काशिनाथने विचारलं, "कशानं झालं?" बेबीताई खोलीच्या दाराशी उभी होती.

मी म्हटलं, "खंडेनवमीला जोडण्या सोडवल्या होत्या. तिथूनच बिघाड सुरू झाला असणार."

असणार, असं म्हटलं होतं. पण खाली येऊन संस्थेला अहवाल लिहिला त्यात "असणार" नव्हतं. ऑपरेटरने पूजेसाठी जोडण्या चुकीच्या क्रमाने काढल्या, त्यामुळे बॅटऱ्या निकामी झाल्या, असं साफ लिहिलं. उडालेले बल्ब माझ्या डोळ्यांसमोर होते, मला दुसरं कारण शोधायची गरज वाटली नाही.

नव्या बॅटऱ्या यायला वेळ लागला. तेवढे आठवडे वाडी रॉकेलच्या चिमणीवर. त्या आठवड्यांत बेबीताईला काय काय ऐकावं लागलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. पाण्यावर गेली की बायका म्हणायच्या, "हार घालून मारलीस गं बॅटरीला." तिच्या थोरल्या जावेने तर पोरांना सांगितलं होतं की चिमणीचा धूर डोळ्यात गेला की काकीचं नाव घ्यायचं. समितीने चावी काढून काशिनाथकडे दिली. संस्थेनेही कळवलं, पुढच्या खेपेला नवीन ऑपरेटर नेमा.

पाडव्यानंतर मी नव्या बॅटऱ्या घेऊन चढलो. पुन्हा बंद प्रकारच्याच. जोडण्या झाल्या, दिवे लागले. काशिनाथ चावी बोटात फिरवत उभा. नवीन ऑपरेटर म्हणून त्याच्या मेहुण्याचं नाव ठरलं होतं आणि मी त्याला पडदा कसा वाचायचा ते दाखवत होतो. बेबीताई बाहेर ओट्यावर बसली होती. मी निघालो तशी ती उठली.

"सर, एक इचारू? त्यो तीन तसाच ठेवायचा का?"

"कुठला तीन?"

"डबीत येतो त्यो. बटन दाबून धरलं की येतो. तुम्हीच एकदा दाखवला व्हता. एक, दोन, तीन."

मला लगेच कळलं नाही, हे खरं सांगतो. म्हणजे कळलं, पण डोक्याने आत घ्यायला नकार दिला.

"जुन्या पाण्याच्या व्हत्या तवा तीन व्हता," ती म्हणाली. "मंग बंदवाल्या आल्या, तवाबी तीनच ऱ्हायला. आता पुन्ना बंदवाल्या, पुन्ना तीन. म्हटलं इचारावं. आता माजं काम न्हाय, पन म्हटलं इचारावं."

मी परत खोलीत गेलो. बटण दाबून धरलं. तीन.

त्या कंट्रोलरला आपल्यापुढे कुठली बॅटरी आहे ते आपोआप कळत नाही. आपण सांगावं लागतं. एक म्हणजे बंद बॅटरी, दोन म्हणजे जेलची, तीन म्हणजे पाण्याची. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून जोरात भरावं लागतं, आतलं पाणी उकळल्यासारखं ढवळलं जातं आणि ते तिला मानवतं. उडालेलं पाणी वरून घालता येतं. बंद बॅटरीला तेवढ्या जोराने भरलं तर आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि परत घालायला बुचच नसतं. ती सुकते, तापते, फुगते. बॅटऱ्या बदलल्यावर तीनचा एक करायचा, हे या धंद्यातलं अगदी बालवाडीतलं काम. मी ते केलं नव्हतं. एकदा नाही, दोनदा.

मी तीनचा एक केला. कोणाला कळलं नाही. काशिनाथचा मेहुणा बाजूलाच होता, त्याला वाटलं मी काहीतरी तपासतोय. बाहेर येऊन बेबीताईला म्हटलं, "केला बरोबर." ती "बरं" म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. मी डोंगर उतरलो.

इथे माझी बाजू मांडता आली असती तर मांडली असती. तासभराच्या उतारात मी स्वतःला खूप काही सांगितलं. पूजेत जोडण्या चुकल्याच होत्या. बल्ब उडालेच होते. तिची नोकरी म्हणजे कितीशी मोठी. माझा अहवाल खोटा निघाला तर संस्था पुढचं काम देईल का. घरी आलो, जेवलो. बाबा आता थकलेत, ओसरीवर असतात. त्यांनी विचारलं, "लागले का रे दिवे त्यांचे?" म्हटलं, लागले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मला ते विचारतील तर बरं असं वाटत राहिलं.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी संस्थेला दुसरं पत्र पाठवलं, चार ओळींचं. बॅटऱ्या माझ्या चुकीने गेल्या, पूजेचा त्याच्याशी संबंध नाही. मग काशिनाथला फोन केला. "उद्या दुपारी येतोय. मंडळी जमवा."

"का, पुन्ना फुगल्या?"

"नाही. आल्यावर सांगतो."

समाजमंदिराच्या पायऱ्यांवर वाडी बसली. मी उभं राहून सांगितलं. कंट्रोलर म्हणजे काय, एक-दोन-तीन म्हणजे काय, आणि तीन कोणी ठेवला. मला भाषण करायची सवय आहे, शाळांमध्ये सौरऊर्जेवर बोलतो. त्या दिवशी वाक्यं जुळत नव्हती. शेवटी म्हटलं, "बेबीताईच्या पूजेने पाच बल्ब गेले. बॅटऱ्या मी घालवल्या. आणि हे मला तिनेच सांगितलं, दहा दिवसांपूर्वी, आणि मी तेव्हा गप्प उतरून गेलो."

मग ठकीआजी म्हणून वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई आहे, ती बोलली. "मंग एवढं दीस चिमणी कुनाच्या नावानं जाळली आमी?"

दोघी-तिघी हसल्या. थोरली जाऊ हसली नाही. काशिनाथने चावी खिशातून काढली आणि बेबीताईपुढे धरली. "घे गं. सर बोल्ले ना आता."

तिने हात पुढे केला नाही. उठून घरात गेली. मला वाटलं, गेली ती गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वही होती.

"हे वाचा."

"आकडे माहीत आहेत मला आता, ताई. तीनवर होता म्हणजे चौदा पॉइंट सातच्या वर..."

"आकडं न्हाय. बाजूचं वाचा. मोठ्यानं."

आकड्यांच्या रकान्याशेजारी शेऱ्याचा रकाना होता. तो मीच आखून दिला होता, संस्थेच्या नमुन्याप्रमाणे, आणि त्यात कोणी काही लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं. तिचं अक्षर बारीक, तिरकं. मी गणपतीनंतरच्या पानापासून सुरुवात केली.

"'नवीन बॅटऱ्या आल्या. नारळ फोडला. सरांनी सही केली.'" पुढे. "'बॅटरीला हात लावला, कोमट आहे. जुनी अशी नव्हती.'" पुढे. "'पूजा केली. बल्ब उडले. माझी चूक.'" पुढे. "'बॅटरी गरम लागते. सर आले, त्यांना सांगितलं. सर म्हणाले ऑक्टोबर आहे, ऊन आहे. सही केली.'"

ठकीआजी म्हणाली, "ऊन तं व्हतं."

बेबीताई म्हणाली, "फुडं."

"'सकाळी आकडा चौदा पॉइंट आठ. एवढा कधी नसतो. सरांना दाखवायचा.' 'सर आले. घाईत होते. सही केली.' 'थंडी पडली तरी बॅटरी गरम. सरांना सांगितलं नाही. मागे सगळ्यांसमोर बोलले होते.'"

इथे मी थांबलो. तिने वही परत घेतली नाही. मी पुढे वाचलं. शिमग्यापर्यंत सगळं वाचलं, "बॅटरीचं पोट आलं" या ओळीपर्यंत, त्याखालची माझी सही, तारखेसकट. वाडीतले बरेच जण तोवर उठून कामाला गेले होते. वाचून झालं तेव्हा पायऱ्यांवर आम्ही सहा-सात जण उरलो होतो आणि ऊन समोरच्या डोंगरावर चढलं होतं.

मग तिने काशिनाथकडे बघितलं. त्याने चावी वहीवर ठेवली. तिने ती उचलली, पदराला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली.

"संध्याकाळचा आकडा घ्यायचा हाय," ती म्हणाली आणि खोली उघडून आत गेली. वही माझ्याच हातात राहिली होती. पेन माझ्या खिशाला होतं.

आतून तिने सांगितलं, "तेरा पॉइंट दोन."

मी लिहिला. ती बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि बरोबर लिहिलाय का ते बघितलं.